जतचा माळ आणि लग्गर ससाणा

म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडील दुष्काळी मुलुखास पुरविण्याच्या योजनेने जत तालुक्याच्या पश्चिम भागातील शिवाराचे रूप पालटू लागले आहे. उमदी, संख या बाजूच्या वंचित गावांसाठी विस्तारित योजनेचे कामही हाती घेण्यात आले आहे. वर्षाकाठी पाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी, असा पाऊस पदरी असलेल्या या तालुक्यास पाण्याची निकड किती आहे, हे येथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. ज्या गावांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढले, त्यांनी पाणी मागितले यात गैर असे काहीच नाही.

पाणी आले की माळाची किंमत बदलते. काल ज्या मुरमाड उतारावर मेंढरे चरत होती, तो आज सपाट होतो, उद्या तेथे डाळिंब किंवा द्राक्ष उभे राहते. पाण्याबरोबर शिवारात काय काय येणार, याचा हिशेब सर्वजण हौसेने मांडतात. शिवारातून काय जाणार, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. जाणाऱ्यांच्या यादीत जे जीव फार वर आहेत, त्यांत लग्गर ससाणा या पक्ष्याची गणना करावी लागेल. हा पक्षी दाट जंगलात राहात नाही. तो उघड्या माळावर, कोरडवाहू शेतांच्या कडेने, बांधावरच्या जुन्या झाडांच्या आश्रयाने राहतो. म्हणजेच त्याचे घर वनखात्याच्या हद्दीत थोडे आणि शेतकऱ्याच्या सात-बारावर फार. तो नाहीसा झाला तर मुख्यतः शेतकऱ्याच्या हातून होईल, आणि टिकला तर तोही शेतकऱ्याच्याच हातून टिकेल. एवढ्यासाठीच या पक्ष्याचा विचार शेतीच्या पत्रिकेत होणे अगत्याचे आहे.

ससाण्याचे नाव प्रत्येकाने ऐकलेले असते, परंतु त्याची ओळख फार थोड्यांस असते. खेड्यात घार, शिक्रा, कापशी, खरुची आणि ससाणा हे सारे पुष्कळदा एकाच नावाने ओळखले जातात, आणि ते नाव बहुधा ‘कोंबडीचोर’ हे असते. जाणत्यांनाही बहिरी ससाणा तेवढा ठाऊक असतो. त्या नावावरून तो पक्षी कानाने अधू असावा असा समज होतो. वस्तुतः ‘बहिरी’ हा शब्द फारशीतील ‘बहरी’, म्हणजे सागरी, या शब्दाचे मराठी वळण आहे आणि त्याचा बहिरेपणाशी काडीचाही संबंध नाही. लग्गर ससाणा हा बहिरीचाच भाऊबंद. बहिरी जगभर आढळतो. लग्गराचा मुलुख मात्र इराणच्या आग्नेय टोकापासून पाकिस्तान व भारतामार्गे म्यानमारपर्यंतच पसरलेला आहे. त्यातही भारतीय उपखंड हेच त्याचे खरे घर. तो हिवाळ्यात येऊन जाणारा पाहुणा नसून बारमाही रहिवासी आहे. जोडी एकदा एखाद्या टापूत स्थिरावली म्हणजे वर्षानुवर्षे तेथेच राहते.

आकाराने तो कावळ्याहून किंचित मोठा. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे व कुशीवर तपकिरी रेघा, डोके तांबूस, आणि डोळ्याखालून गालावर उतरणारी मिशीसारखी एक बारीक काळसर रेघ, अशी त्याची खूण आहे. पिलू मोठे झाले तरी वर्षभर त्याचे पोट गडद तपकिरीच असते, त्यामुळे पाहणाऱ्यास तो निराळाच पक्षी वाटतो. मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी असते. पंख लांब व टोकदार असतात. घार ज्याप्रमाणे पंख पसरून संथपणे तरंगते, तसा हा फारसा तरंगत नाही. विजेच्या खांबावर, खडकावर किंवा निष्पर्ण फांदीवर बसून तो टेहळणी करतो, आणि भक्ष्य दिसताच जमिनीसरसा वेगाने जाऊन त्यास गाठतो. नर व मादी पुष्कळदा जोडीने शिकार करतात: एकाने झुडपातून पाखरू उठवावयाचे आणि दुसऱ्याने ते वरचेवर टिपावयाचे. शिक्रा किंवा गरुड आपल्या नखांनी भक्ष्याचा जीव घेतात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेस दातासारखा एक उंचवटा असतो, आणि त्याने तो भक्ष्याची मान मोडतो. या फरकाचे मूळ खोलवर आहे. पक्ष्यांच्या आनुवंशिक घटकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, ससाण्याचे कूळ घारी-गरुडांपेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहे. जोंधळ्याच्या कणसावर बसणारा राघू आणि त्याच्यावर झडप घालणारा ससाणा हे दूरचे का होईनात, परंतु आप्त निघावेत, हा सृष्टीतील एक गमतीचा योग म्हणावयाचा.

जगातील दुर्मीळ जीवांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने लग्गर ससाण्यास ‘संकटसमीप’ ठरविले आहे. प्रौढ पक्ष्यांची सगळ्या जगातील संख्या वीस हजारांच्या आत असावी, असा त्यांचा अंदाज आहे. तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या एखाद्या जत्रेस याहून अधिक माणसे जमतात. पूर्वी तो उपखंडाच्या कोरड्या भागात सर्रास दिसणारा ससाणा होता; म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सर्रास दिसणारी गोष्ट कमी होऊ लागली म्हणजे ती बरीच कमी होईपर्यंत कळत नाही, हा अनुभव गिधाडांच्या बाबतीत देशाने घेतलेला आहे. सीमेपलीकडे पाकिस्तानात आणखी एक संकट त्याच्यावर आहे. बहिरी व इतर मोठे ससाणे आखाती देशांत शिकारीसाठी मोठ्या किमतीस विकले जातात, आणि ते पकडण्यासाठी लग्गराच्या पायांस फास लावलेली पिसे बांधून त्याला आमिष म्हणून उडवितात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये ससाणा पकडणे, पाळणे, विकणे किंवा त्याची अंडी-पिले काढणे हा गुन्हा आहे. परंतु जतच्या माळावर लग्गराचा जीव फासेपारध्याच्या हाती थोडाच आहे. तो ज्या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांवर कायद्याची नजर पोचत नाही: शेतातील विष, बांधावरचे झाड आणि खुद्द माळ.

प्रथम त्याच्या आहाराविषयी. अनेक प्रचारपत्रकांत शिकारी पक्ष्यांचे वर्णन ‘शेतकऱ्याचे मित्र’ असे करून ते उंदरांचा नायनाट करतात असे सांगितले जाते. लग्गराच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे आणि अर्धे खरे सांगून शेतकऱ्याचा विश्वास मिळविता येत नाही. लग्गर उंदीर खातो, सरडे खातो, टोळ व मोठे किडे खातो, परंतु त्याच्या खाण्यात लहान-मध्यम पाखरांचा वाटाही मोठा असतो. चंडोल, होला, साळुंकी, राघू, चिमण्या यांपैकी जे सापडेल ते तो घेतो. हिवाळ्यात जोंधळा दाण्यात आला म्हणजे भोरड्यांचे थवेच्या थवे परदेशातून येऊन शाळूवर उतरतात, आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरविता फिरविता राखणदाराचे हात दुखून येतात. त्या थव्यावर ससाण्याची एक झेप पडली तर सारा थवा फुटून दुसऱ्या शिवारात जातो. ससाण्याने खाल्लेली भोरडी एकच असते. त्याच्या धाकाने उठून गेलेल्या शेकडो असतात. त्याच्या उपयोगाचा हा भाग मोजता येत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. उंदरांचा खरा शत्रू शोधावयाचा तर तो रात्री हिंडणारे गव्हाणी घुबड होय. लग्गर उंदीर संपवील असे कोणी समजू नये. तो उंदरांवर, पाखरांवर आणि सरड्यांवर असलेल्या दाबाचा एक भाग आहे, एवढेच म्हणणे सत्यास धरून होईल.

कोंबडीच्या पिलांचा आरोप राहतो. घर-अंगणातील पिले बहुतेक शिक्रा व घार नेतात. लग्गरही क्वचित नेत असेल, नाही असे नाही. पिलांच्या पहिल्या महिन्यात त्यांस जाळीच्या खुराड्यात किंवा डालग्याखाली ठेवले की हे नुकसान टळते. दोन पिलांसाठी गोफणीने पक्षी पाडणे किंवा मेलेल्या पिलात विष घालून ते उघड्यावर टाकणे हे पोराच्या खोडीसाठी घर पेटविण्यासारखे आहे. शिबी राजाच्या गोष्टीत कपोताला अभय मिळाले, हे सर्वांच्या लक्षात असते. त्याच गोष्टीत श्येनानेही आपल्या अन्नाचा हक्क सांगितला होता आणि राजाने तो नाकारला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता विषाकडे वळू. विष व ससाणे यांचा संबंध जगाला बहिरी ससाण्याच्या उदाहरणाने कळला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर सर्वत्र वाढला आणि काही वर्षांतच इंग्लंड-अमेरिकेत बहिरी ससाण्यांची घरटी ओस पडू लागली. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली. १९४७ च्या सुमारापासून अंड्यांची कवचे सुमारे एक-पंचमांशाने पातळ झाली आहेत, असे त्यांनी १९६७ साली दाखवून दिले. मादी उबविण्यास बसली की तिच्याच भाराने अंडी फुटत. कीड डीडीटी खाई, पाखरू कीड खाई, ससाणा पाखरू खाई. पायरीगणिक विषाचा साठा वाढत जाऊन शेवटच्या पायरीवर तो प्राणघातक होई. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस १९६० नंतरच्या काही वर्षांत एकही जोडी वीण करीनाशी झाली. तेथे १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी सोडण्यात आले, आणि १९९९ मध्ये बहिरीचे नाव तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आले. भारतात १९८९ पासून शेतीत डीडीटी वापरण्यास मनाई आहे. त्याचप्रमाणे एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. म्हणजे त्या पिढीची विषे मागे पडली. परंतु साखळी तीच आहे.

आज जतसारख्या भागात लग्गरास सर्वांत जवळचा धोका उंदीरनाशकांचा आहे. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे उंदरास लगेच मारीत नाहीत. विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत राहतो, सुस्तावतो, भर दिवसा बिळाबाहेर रेंगाळतो आणि ससाण्यास, घुबडास, मुंगसास आयता सापडतो. त्याच्या यकृतात साठलेले विष मग खाणाऱ्याच्या पोटात जाते. झिंक फॉस्फाइड या बाबतीत तुलनेने कमी घातक, कारण ते शरीरात साठून राहात नाही. परंतु मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले आमिष उरले असेल तर तेही मारते. याचा अर्थ उंदीर मारू नयेत असा मुळीच नाही. उंदराने खाल्लेला जोंधळा शेतकऱ्याच्या घरचा असतो. अर्थ एवढाच की, विष बिळात जावे, शिवारभर पसरू नये.

कृषि खात्याने वर्षानुवर्षे सांगितलेली पद्धत याच कसोटीस उतरते. ती नीट पाळली जात नाही, एवढेच दुखणे आहे. पहिल्या दिवशी शेतातील व बांधावरील सर्व बिळे मातीने बुजवावी. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे. त्यांत दोन दिवस बिनविषारी भरडा तेल लावून ठेवावा, म्हणजे उंदरांची भीड मोडते. नंतर ९६ भाग भरडा, २ भाग गोडे तेल व २ भाग झिंक फॉस्फाइड यांचे मिश्रण काठीने कालवून, हात न लावता, कागदाच्या पुडीतून सुमारे दहा ग्रॅम या प्रमाणात प्रत्येक जिवंत बिळात खोल सारावे व तोंड बुजवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे वर येण्यापूर्वी, शेतातून फिरून बाहेर मेलेले उंदीर वेचावे आणि खोल पुरावे. शेवटच्या या कामाचा कंटाळा केला जातो, आणि लग्गराचे मरण नेमके त्या कंटाळ्यात आहे. बांधावर उघड्या करवंट्यांतून आमिष ठेवण्याची चाल तर सर्वथा सोडावी. त्या आमिषाने होले मरतात, होल्यांमागे ससाणे मरतात, आणि वस्तीवरील कुत्री, कोंबड्यांचीही धडगत नसते. एकट्याने केलेल्या मोहिमेने शेजारच्या शिवारातील उंदीर पंधरवड्यात परत येतात. म्हणून संबंध गावाने एकाच आठवड्यात, पीक लहान असताना, ही मोहीम करणे हे खर्चाच्या दृष्टीनेही स्वस्त पडते.

पशुपालकांच्या एका औषधाने काय होऊ शकते, हे येथे थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडास भिनले. काही जातींची गिधाडे दोन दशकांच्या आत शंभरातून एक-दोन या प्रमाणात उरली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तेव्हा देशाच्या बऱ्याच भागांतील आकाश रिकामे झाले होते. कोणाही पशुपालकाचा हेतू गिधाड मारण्याचा नव्हता.

झाडांचा प्रश्न याहून सोपा आहे, परंतु त्याकडे दुर्लक्ष अधिक आहे. ससाण्याच्या कुळातील पक्षी स्वतः घरटे बांधीत नाहीत. लग्गर कावळ्याचे किंवा घारीचे टाकून दिलेले घरटे बळकावतो, किंवा कड्याच्या कपारीत व जुन्या बुरुजाच्या कोनाड्यात अंडी घालतो. सपाट मुलुखात कडे नसतात. तेथे त्याची सारी भिस्त उंच, जुन्या झाडांवर असते. वड, पिंपळ, चिंच, जुना लिंब यांपैकी एखादे झाड कित्येक एकरांत एकटेच उभे असते. असे झाड तोडले म्हणजे केवळ एक झाड गेले असे होत नाही. कावळ्याचे घरटे गेले, त्यापाठोपाठ लग्गराची वीण गेली, आणि तेवढी उंची गाठणारे दुसरे झाड पन्नास वर्षांनी होणार. रस्ते रुंद करताना दुतर्फाचे वड गेले, तेव्हा सावलीची हळहळ पुष्कळांनी केली. घरट्यांची कोणी केली नाही. लग्गराशी मिळताजुळता, परंतु लहान व विटकरी डोक्याचा तुरुमती ससाणाही अशाच झाडांवर कावळ्याच्या जुन्या घरट्यात वीण करतो, आणि तोही आज संकटसमीप जातींतच मोडतो.

त्यात वेळेची अडचण आहे. लग्गराची वीण जानेवारी ते एप्रिल या काळात होते. मादी तीन-चार अंडी घालते, सुमारे महिनाभर उबविते आणि पिले उडण्यास आणखी दीड महिन्याच्या आसपास लागतो. नेमक्या याच काळात शाळूची काढणी उरकून शेतकरी मोकळा होतो, सरपणाची बेगमी करतो, बांधावरील झाडांच्या फांद्या तोडतो, लाकूड व्यापाऱ्यास झाड विकतो. संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत उंच झाडांची छाटणी व तोड थांबवून ती मृगाच्या आधी वैशाखाअखेर केली, तर शेतकऱ्याचे काही अडत नाही आणि एका जोडीचे वर्ष वाया जात नाही. झाडावर घरटे दिसले तर ते ‘कावळ्याचे’ म्हणून पाडू नये. कावळा सोडून गेल्यावर तेथे कोण उतरेल ते सांगता येत नाही.

तथापि विष थांबविले, झाडे राखली, आणि माळच गेला, तर उरलेले सारे व्यर्थ. माळ हा शब्द आपल्या सरकारी भाषेत ‘पडीक’ या शब्दाचा जणू पर्याय झाला आहे. देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे तयार झाले, त्यांत गवताळ रानांचे मोठे क्षेत्र ‘पडीक’ म्हणून रंगविलेले आहे. हे वर्गीकरण चुकीचे आहे, आणि ते दुरुस्त व्हावयास हवे. गवताची मुळे मुरमाड उताराची माती धरून ठेवतात. गवतावर मेंढरे जगतात. आपल्या उंच बांध्यामुळे व पोपटासारख्या बाकदार नाकामुळे प्रसिद्ध असलेली माडग्याळी मेंढी ही याच तालुक्याची देणगी असून ती कडब्यावर घडलेली नाही, माळावर घडलेली आहे. चंडोल, धाविक, पखुर्डी, तित्तिर हे सारे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आखूड गवतातच टिकतात, आणि त्यांवर लग्गर टिकतो. मेंढपाळाची बेताची चराई या व्यवस्थेच्या आड येत नाही. तिने गवत आखूड व रान मोकळे राहते, आणि ससाण्यास भक्ष्य दिसते.

याच कारणास्तव माळावर वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ यांच्या ओळी लावणे हे हिताचे नाही. बांधावर, ओढ्याच्या काठी, गावाच्या कडेस झाड लावावे. तेथे ते हवेच आहे. चांगल्या गवताच्या माळावर दाट झाडोरा उभा करणे म्हणजे मेंढीचा चारा आणि चंडोलाचे घर एका खड्ड्यात पुरणे होय. कागदावर ते हिरवे दिसते, म्हणून त्याविरुद्ध बोलणे अवघड जाते. परंतु जतसारख्या पर्जन्यमानाच्या प्रदेशात गवत हीच निसर्गाची परिपक्व अवस्था आहे, हे कृषि शिक्षण घेतलेल्यांनी तरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

माळावरून शिकारी पक्षी उठले म्हणजे काय होते, याचा अभ्यास सातारा जिल्ह्यातच झालेला आहे. ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बरीच वर्षे पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि त्यालगतचा नसलेला भाग यांची तुलना करून २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांच्या भागात तीसा, कापशी इत्यादी शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपट कमी आढळले. त्या पठारावर कंठाखाली रंगीत पिशवी फुगविणारा एक सरडा आहे. (त्याच्या प्रजातीस शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ‘सरडा’ असेच मराठी नाव दिले, ही सुखद गोष्ट होय.) पक्ष्यांचा धाक गेल्यामुळे या सरड्यांची संख्या पवनचक्क्यांखाली पुष्कळ वाढलेली होती. इतकेच नव्हे, तर त्यांच्या रक्तातील भीतीचे द्रव्य कमी झाले होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, आणि गर्दीमुळे अन्न अपुरे पडून त्यांच्या कंठाचे रंग फिके पडले होते. वरचा पक्षी उठला आणि खालच्या जिवाचे शरीरसुद्धा बदलले. चाळकेवाडीस वाढले ते सरडे. त्यांनी कोणाचे पीक खाल्ले नाही. शेताला लागून असलेल्या माळावर हाच धाक उठला तर वाढणारा जीव सरडाच असेल याची हमी देता येत नाही. तो उंदीर असू शकेल. जत व कवठेमहांकाळ या तालुक्यांच्या उंचवट्यांवरही पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. वीज हवी, यात वाद नाही. परंतु नव्या पवनचक्क्यांसाठी जागा ठरविताना शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांची पाहणी आधी करणे हे कंपन्यांस अशक्य नाही, आणि ग्रामपंचायतीने ना-हरकत देताना ती अट घालणे अयोग्य नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग सरकारने माळाचे अभयारण्य करावे. या मार्गाचा अनुभव शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. नान्नज व परिसरात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते, आणि त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली, आणि पुढे ते क्षेत्र कित्येक पटींनी कमी करावे लागले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. जो पक्षी शेतकऱ्यांमध्येच राहतो, तो शेतकऱ्यांना बाजूस सारून वाचत नाही.

याउलट नागालँडमधील घटना पाहावी. सैबेरियाकडून आफ्रिकेस जाणारे अमूर ससाणे शरद ऋतूत तेथील दोयांग जलाशयाजवळ लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ च्या हंगामात ते जाळी लावून पकडले व विकले गेले. मारलेल्या पक्ष्यांची संख्या लाखाच्या घरात असावी असा अंदाज होता. त्यानंतर तेथील ग्रामसभांनी स्वतः बंदी घातली, आणि २०१३ मध्ये जाळी लागली नाहीत. हेच पक्षी पुढे दख्खन ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेस जातात. ज्या गावांचे उत्पन्न या शिकारीवर होते, त्यांना एका वर्षात हे करता आले. जतच्या शेतकऱ्यास तर लग्गरापासून कोणतेच उत्पन्न सोडावयाचे नाही.

जत हे डफळ्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन तेव्हाच्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, तेव्हापासून या तालुक्याचा विचार ‘दुष्काळी’ या एकाच शब्दाने होत आला आहे. पाणी येऊ लागल्यावर तो शब्द हळूहळू मागे पडेल. पाण्याखाली येणाऱ्या क्षेत्राचा आराखडा होत असतानाच गावाच्या गायरानाचा कोणता तुकडा नांगराबाहेर व खड्ड्यांबाहेर राहील, हे ठरविणे शक्य आहे; दहा वर्षांनी ते शक्य होणार नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. येत्या पौषात, ज्वारीची राखण चालू असतानाच, तिची पाने उघडावी. गावातील प्रत्येक जुना वड, पिंपळ, चिंच व लिंब गट क्रमांकासह लिहावा. त्यावर घरटे असल्यास कोणते व कोणत्या महिन्यात, हे राखणदारास व मेंढपाळास विचारून नमूद करावे. गायरानाच्या राखीव तुकड्याच्या चतुःसीमा ग्रामसभेत वाचून दाखवाव्या. उंदीर निर्मूलनाचा गावाचा आठवडाही त्याच सभेत ठरवावा. कृषि सहायकास त्याची आगाऊ सूचना मिळाल्यास पद्धतीचे प्रात्यक्षिक शेतावर दाखविता येईल, आणि मेलेले उंदीर पुरण्याचा खड्डाही त्याच वेळी खणून घेता येईल.